मेजरने दिलेली सवलत

लष्करातून निवृत्त होऊन आलेल्या माणसाला आमच्या भागात सरसकट मेजर म्हणतात. तो तिथे स्वयंपाकी असो, नाहीतर ट्रक चालवणारा. एसटीच्या टपावरून त्याची काळी ट्रंक उतरली की गावाच्या लेखी तो मेजर. लालासाहेब निकम हवालदार म्हणून निवृत्त झालेले, आणि चोवीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या हातात बंदुकीपेक्षा थर्मामीटर जास्त होता. लष्करी इस्पितळातले ते नर्सिंग असिस्टंट. तरीही मेजरच. आधी दोन-चार वर्षे त्यांनी लोकांना दुरुस्त करून पाहिले आणि मग नाद सोडला.

कृष्णाकाठी, सांगलीहून तासाभराच्या वाटेवर मळेवाडी म्हणून गाव आहे. तिथल्या ट्रस्टच्या पन्नास खाटांच्या दवाखान्यात ते वॉर्डाचे प्रमुख म्हणून लागले तेव्हा दवाखान्याचा लौकिक असा होता, की ऐपत असलेला माणूस दारावरून पुढे सांगलीला जायचा. डॉक्टर चांगले होते, औषधे होती, उसाच्या पैशातून बांधलेली इमारतही टोलेजंग होती. पण गोळी चुकली तर सिस्टर आयाकडे बोट दाखवायची, आया पेशंटच्या नातेवाइकांकडे, आणि नातेवाईक नशिबाकडे. नशीब बिचारे तिथे हजर नसायचे, म्हणून प्रकरण त्याच्यावर मिटायचे.

लालासाहेबांनी येऊन फार काही केले नाही. सकाळी सात वाजता रात्रपाळीची माणसे जायची आणि दिवसपाळीची यायची, तेव्हा सगळ्यांना त्यांनी टेबलाभोवती उभे केले आणि सांगितले, "आजपासनं हितं उभं राहून आपली काल झालेली चूक आपणच सांगायची. सांगितलेल्या चुकीला शिक्षा न्हाई. दडवलेली सापडली, तर मात्र माझ्याशी गाठ हाय." आणि पहिली चूक त्यांनी स्वतःची सांगितली. आदल्या दिवशी एका म्हाताऱ्याची लघवीची पिशवी वेळेवर बदलायची राहिली होती.

कुणी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. अकरा महिने हा माणूस रोज सकाळी एकटाच स्वतःच्या चुका सांगत उभा राहायचा आणि बाकीचे टेबलावरच्या काचेकडे बघत राहायचे. "मेजर लयच चुकतंय बाबा," असे मागे हसून झाले. ट्रस्टींपैकी एकाने तर डॉक्टरांना विचारले, हा माणूस कामाला ठीक आहे ना. बाराव्या महिन्यात झाडलोट करणारा धुळा घसा खाकरून म्हणाला, की जखमांच्या खोलीत फिरवलेला पोछाच त्याने काल बाळंतिणींच्या खोलीत फिरवला. लालासाहेबांनी एवढेच विचारले, "का रं, दुसरा न्हवता?" दुसरा नव्हताच. दुपारपर्यंत चार नवे पोछे आले, चार रंगांचे. धुळाला कुणी रागे भरले नाही, हे सगळ्यांनी पाहिले. त्यानंतर हळूहळू तोंडे उघडली, आणि पाच-सहा वर्षांत अशी वेळ आली, की सांगलीला जाणारा माणूस मळेवाडीला थांबायला लागला.

एक नियम त्यांनी फार कडक ठेवला होता. सुई द्यायच्या आधी पेशंटला त्याचे पूर्ण नाव विचारायचे, आणि ते पेशंटनेच सांगायचे. सख्खा चुलता असला तरी. आता पुरुषांचे ठीक होते. पण आमच्याकडची म्हातारी बाई पूर्ण नाव कसे सांगणार? मधे मालकाचे नाव येते. सकाळी सुयांची वेळ झाली की एकेक म्हातारी पदर तोंडाला लावून बसायची. "आवं, त्यांचं नाव कसं घ्यू मी," म्हणायची. कुणी शेजारणीला सांगायला लावायची, कुणी नुसतीच लाजायची. पंधरा सुयांना तास लागायचा. सिस्टर लोक वैतागले.

लालासाहेबांनी ही गोष्ट घरी बायकोपुढे काढली. मनुबाई भाकरी थापत होत्या. लग्नाला चाळीस वर्षे होत आलेली, दोन वेळा बदलीच्या गावी राहून आलेल्या, पण नवऱ्याचे नाव त्यांच्या ओठावर कधी आले नव्हते. त्याही मेजरच म्हणायच्या. त्या म्हणाल्या, "म्हाताऱ्या बायांना ह्या वयात कशाला लाजिवतासा? तुमच्या पोरींनी कागदावरचं नाव वाचावं, त्या व्हय म्हणतील. व्हय म्हणायला काय लागतंय?"

लालासाहेबांना ते पटले. दुसऱ्या दिवशी त्यांनी सवलत दिली: वयस्कर बायांची नावे सिस्टरनेच वाचावीत, बाईने हो म्हणावे. सुयांचे काम पंधरा मिनिटांत व्हायला लागले. सगळ्या खूश झाल्या. ही सवलत देऊन चार वर्षे झाली, आणि त्या चार वर्षांत तिच्यामुळे काही अडले नाही की बिघडले नाही.

गेल्या हिवाळ्यात मनुबाईंना खोकल्याने धरले. आधी काढा झाला, मग गावातली गोळी झाली, आणि छातीत कफ साठून ताप चढला तेव्हा लालासाहेबांनी त्यांना आपल्याच वॉर्डात आणून ठेवले. वेगळी खोली रिकामी होती. डॉक्टर परांजप्यांनी ती देऊ केली. डॉक्टर शरच्चंद्र परांजपे मूळचे वाईचे, दवाखान्याचे प्रमुख, मनाने भला माणूस. लालासाहेब म्हणाले, "नको डॉक्टर. सगळ्यांत बरी राहील." बायको कुणाची आहे हे नव्या पोरींना सांगायचे नाही, असेही त्यांनी बजावले. मोठ्याची बायको म्हणून तिच्याभोवती धावाधाव झाली, तर शेजारच्या खाटेकडे दुर्लक्ष होते, हे त्यांनी लष्करात पाहिले होते. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. गुरुवारी घरी सोडायचे ठरले.

बुधवारी संकष्टी होती. दवाखान्यात उपास धरायचा नाही असा मेजरचा दम होता, त्यामुळे मनुबाईंनी तो गुपचूप धरला. शेजारची ओळ सोडून पलीकडे आटपाडीकडची हौसाबाई होती, साखरेच्या दुखण्याने पाय चिघळलेली. तिची खाट पार टोकाला, आणि संडास दुसऱ्या टोकाला. मनुबाईंची खाट संडासाजवळ. पहाटे ती बाई लंगडत, भिंत धरत चाललेली पाहून मनुबाई म्हणाल्या, "तू माझ्या जाग्यावर झोप बाय, मी तिकडं जाती." दोघींनी आपापली पांघरुणे उचलली आणि जागा बदलल्या. खाटेच्या पायाशी अडकवलेले कागद मात्र होते तिथेच राहिले. गावाकडच्या बायका एकमेकींना जागा देताना कुणाला विचारत नाहीत.

सकाळी सुया द्यायला सृष्टी आली. पाटणच्या पलीकडची, बावीस वर्षांची पोर, नोकरीला लागून तीन आठवडे झालेले, बायकांच्या खाटांवर त्या दिवशी पहिल्यांदाच. टोकाच्या खाटेपाशी उभी राहून तिने कागदावरचे नाव वाचले. "हौसाबाई पांडुरंग मोटे. व्हय न्हवं?"

रात्रभर खोकून मनुबाईंचा नुकताच डोळा लागला होता. त्या म्हणाल्या, "व्हय बाय."

त्या का व्हय म्हणाल्या, हे कुणालाच कधी कळले नाही. झोपेत म्हणाल्या असतील. सिस्टर विचारते आहे म्हणजे व्हय म्हणायचे असते, म्हणून म्हणाल्या असतील. साखर उतरवायची सुई त्यांना दिली गेली. थोड्या वेळाने उपम्याची ताटली आली, ती त्यांनी न खाता धुळाला दिली आणि पांघरूण ओढून घेतले. रात्रभर जागलेली बाई झोपली आहे, झोपू दे, असे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला वाटले.

त्याच वेळी लालासाहेब सांगलीत विश्रामबागेतल्या एका कॉलेजच्या सभागृहात होते. आसपासच्या दवाखान्यांच्या लोकांची बैठक होती, आणि मळेवाडीच्या वॉर्डात चुका कमी कशा झाल्या ते सांगायला त्यांना मुद्दाम बोलावले होते. ते इस्त्रीचा शर्ट घालून गेले होते. पोटतिडकीने सांगत होते, की वरच्याने आधी स्वतःची चूक सांगितली तरच खालचा सांगतो; नियमाचा कागद भिंतीवर लावून काही होत नाही. लोक लिहून घेत होते. अकरा वाजून गेल्यावर खिशात फोन तीनदा थरथरला. भाषण चालू असताना फोन काढणे शिस्तीत बसत नव्हते, म्हणून त्यांनी तो काढला नाही.

मळेवाडीत अकराच्या सुमाराला हौसाबाईने जाणाऱ्या सृष्टीला हटकले. "पोरी, माझी साखरेची सुई आज न्हाई का?"

सृष्टी तिच्याकडे बघत राहिली. मग तिने टोकाच्या खाटेकडे पाहिले. तिथे घामाने भिजलेली बाई अजून झोपलेली होती. वॉर्डाच्या मधोमध असलेल्या टेबलापर्यंत ती चालत गेली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाली, "माझ्या हातनं चुकीच्या बाईला सुई गेली. साडेसात वाजता. पळा."

लोक पळाले. शिरेतून साखरेची बाटली चढली, डॉक्टर आले, गाडी सांगलीकडे निघाली. पण साडेतीन तास झाले होते, पोटात आदल्या रात्रीपासून अन्न नव्हते आणि छाती आधीच थकलेली होती. मनुबाईंना झटके आले आणि शुद्ध परत आलीच नाही. लालासाहेब विश्रामबागेतून मोठ्या दवाखान्यात पोचले तेव्हा त्यांच्या गळ्यात बैठकीचा हार तसाच होता. एका वॉर्डबॉयने तो काढून घेतला.

चार दिवस मशीनवर ठेवले. मुलगा जयराज लष्करात, जम्मूकडे पोस्टिंगवर होता, तो तिसऱ्या दिवशी येऊन आईच्या पायाशी बसला. चौथ्या दिवशी दुपारी मनुबाई गेल्या. तिथले डॉक्टर म्हणाले, की त्या पोरीने सांगितले नसते तर त्याच संध्याकाळी गेल्या असत्या, आणि आपण सगळ्यांनी न्यूमोनियाने गेल्या असेच धरले असते. कुणाला शंकासुद्धा आली नसती. लालासाहेबांना हे ऐकून आधार वाटला नाही. उलट त्यांच्या मनात एक वाईट विचार येऊन गेला, की तसे झाले असते तर बरे झाले असते. माणसाला नशिबावर रडता तरी आले असते.

दहाव्याचा विधी नदीवर झाला आणि त्याच दुपारी डॉक्टर परांजपे घरी आले. बरोबर एक कागद होता. सृष्टीला कामावरून कमी केल्याचा, आणि त्यावर वॉर्डप्रमुखाची सही लागत होती. डॉक्टरांचा चेहरा उतरलेला होता. ते म्हणाले, "लालासाहेब, ट्रस्टींना भीती वाटतेय. गावात चर्चा चालू आहे. तुम्ही सही केलीत की विषय संपेल. आणि खरं सांगू, तुम्हालाही न्याय मिळाल्यासारखं होईल."

लालासाहेबांनी कागद वाचला आणि पलंगावर ठेवला. "डॉक्टर, तिनं सांगितलं नसतं तर हा कागद निघाला असता का?"

डॉक्टरांनी पलंगावरचा कागद सरळ केला.

"मग हा कागद चुकीसाठी न्हाई. सांगितलं त्यासाठी हाय."

जयराज दाराला टेकून उभा होता. डोके नुकते भादरलेले, डोळे लाल. तो म्हणाला, "आबा, सही करा. न्हाईतर मी पोलिसात जातो. आमच्याकडं एखाद्या जवानानं अशी चूक केली तर कोर्ट मार्शल हुतं."

"जयराज, बस."

"मी बसाय आलो न्हाई."

तेव्हा लालासाहेबांनी त्याला सवलतीचे सांगितले. बायांची नावे वाचून दाखवायचा हुकूम कुणी दिला, कशासाठी दिला, ते सगळे. त्या पोरीने तिला शिकवले तसेच केले होते. नाव वाचले होते, उत्तर घेतले होते. भोक नियमात होते, आणि ते भोक मेजरांनी स्वतःच्या हाताने पाडले होते. तसे करायला कुणी सुचवले, ते मात्र त्यांनी मुलाला सांगितले नाही. त्या एका गोष्टीपुरता हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी दडवून बसला.

जयराजने सगळे ऐकले. मग तो फार हळू म्हणाला, "म्हंजी आईला तुमी मारलं."

"निम्मं," लालासाहेब म्हणाले. "निम्मं मी मारलं."

डॉक्टरांनी कागद उचलून खिशात घातला आणि ते निघून गेले. जयराज तेराव्यापर्यंत थांबला, पण बापाशी बोलला नाही. रजेचे सहा दिवस शिल्लक असताना त्याने बॅग भरली. निघताना आईच्या फोटोच्या पाया पडला, आणि बापाजवळ वाकला तो फक्त पायातला बूट नीट करायला.

चौदाव्या दिवशी लालासाहेब सातच्या पाळीला हजर झाले. टेबलाभोवती सगळे जमले. त्यांनी सवलत रद्द केल्याचे सांगितले आणि ती देण्यात आपली काय चूक झाली तेही सांगितले. मग नेहमीसारखे थांबले. कुणीच काही बोलले नाही. सगळे काचेकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशीही तसेच, तिसऱ्या दिवशीही. सृष्टीला कुणी काढले नव्हते. ती आपणहून गावी निघून गेली होती आणि फोन उचलत नव्हती. पण वॉर्डाने एवढाच हिशेब धरला, की पोर खरे बोलली आणि पोर गेली. तीन आठवडे एकही चूक कुणी सांगितली नाही. पन्नास खाटांच्या दवाखान्यात तीन आठवडे एकही चूक होत नाही, यावर लालासाहेबांसारख्या माणसाने काय विश्वास ठेवावा? एके दिवशी त्यांना कचऱ्यात दडपून ठेवलेली, चुकून फुटलेली औषधाची बाटली सापडली. ती हातात घेऊन ते बराच वेळ मोरीपाशी उभे राहिले. बारा वर्षे खपून उभे केलेले बायकोपाठोपाठ निघून चालले होते.

रविवारी ते पाटणला गेले आणि तिथून जीपने वर. घर डोंगराच्या उताराला होते. सृष्टी अंगणात नाचणी पाखडत होती. त्यांना पाहून ती उठली आणि सूप हातात धरून तशीच उभी राहिली. तिच्या आईने घोंगडे अंथरले, पाणी दिले, आणि सगळे कळल्यावर म्हणाली, "आवं मेजर, तुमची बायको गेली आन तुमीच हिला न्ह्यायला आलाय?"

सृष्टी म्हणाली, "माझ्या हातात आता सुई धरवत न्हाई."

"त्या दिवशी गप बसावं असं वाटलं हुतं का गं तुला?"

"वाटलं की. हौसाबाईच्या खाटंपासनं टेबलापतुर तेच वाटत हुतं."

"मग का बोललीस?"

"तुमी म्हणला हुता, सांगितलेल्या चुकीला शिक्षा न्हाई." तिने सुपातला एक खडा वेचून टाकला. "मला वाटलं, तेवढ्यानं त्या वाचतील."

आत चुलीवर काहीतरी उतू गेले आणि तिची आई उठून गेली. सृष्टीने खाली बघत विचारले, "तुमी मला माफ केलंय व्हय?"

येताना जीपमध्ये लालासाहेबांनी ह्याच प्रश्नाचा विचार केला होता. व्हय म्हणणे सोपे होते. पोर लगेच उठली असती.

"न्हाई," ते म्हणाले. "खोटं बोलून तुला न्ह्यायची न्हाई मला. सकाळी जाग आली की पयला तुझा राग येतो पोरी, मग माझा येतो. तुझा कवा जाईल, जाईल का न्हाई, मला ठावं न्हाई. पर तू आली न्हाईस तर वॉर्डात पुन्ना कुणी तोंड उघडणार न्हाई. उद्या दुसऱ्या कुणाची तरी बायको जाईल, आन त्याला ती कशानं गेली ते कळणार बी न्हाई. मी माफ केलं म्हणून न्हाई, माझ्यासाठी बी न्हाई. पर तू चल."

तिने सूप भिंतीला टेकवून ठेवले. मग आत गेली, आणि बाहेर आली तेव्हा खांद्याला पिशवी होती. आईने तिला थांबवले नाही, फक्त लालासाहेबांच्या हातात कागदात बांधलेल्या दोन भाकरी दिल्या.

पाटणहून कऱ्हाडकडे जाणाऱ्या एसटीत गर्दी नव्हती. दोघे एकाच बाकावर बसले, मधे पिशवी. सृष्टीचे हात पिशवीवर होते. लालासाहेबांनी दिवसभर तिच्या तोंडाकडे पाहिले होते. हातांकडे पाहायचे त्यांनी टाळले होते, हे त्यांना आत्ता कळले. बारीक, सावळे हात, नखे कापलेली. शेवटचे मनुबाईंना जागेपणी शिवलेले हात हेच. त्यांनी खिडकीकडे तोंड वळवले, पण उपयोग झाला नाही. बायको गेल्यापासून जे आले नव्हते ते तिथे, मल्हारपेठेच्या अलीकडे, भर एसटीत आले. चौसष्ट वर्षांचा माणूस पुढच्या बाकाच्या दांडीवर कपाळ टेकून मोठ्याने रडायला लागला.

कंडक्टर आला. तो आधी गोंधळला, मग त्याने सृष्टीला विचारले, "काय झालं ह्यांना? बरं न्हाई का?"

व्हय, एवढे म्हटले असते तरी तो पुढे गेला असता.

"ह्यांची बायको गेली," सृष्टी म्हणाली. "माझ्या हातनं गेली. चुकीची सुई दिली मी."

आसपासच्या दोन-तीन बाकांवरची माणसे वळून बघायला लागली. कंडक्टरने कऱ्हाडची दोन तिकिटे काढून तिच्या हातात दिली आणि तो पुढे सरकला. लालासाहेबांनी ते ऐकले होते. त्यांनी डोके वर उचलले नाही, पण मधली पिशवी काढून आपल्या मांडीवर घेतली.